बायोडिझेलच्या अभिक्रियेचं मॉडेल: पहिल्यांदाच बांधणाऱ्यांसाठी

सोयाबीन तेलाच्या फ्लास्कमध्ये मिथेनॉल हळूच ओतलं तर तेल खाली राहतं, मिथेनॉल वर तरंगतं, आणि दोघांच्या मधे एक स्वच्छ रेघ दिसते. मिथेनॉलमध्ये आधी थोडा कॉस्टिक सोडा विरघळवलेला असतो. ढवळणी सुरू केली की मिश्रण दुधाळ होतं. तासाभराने ढवळणी थांबवून फ्लास्क शांत ठेवला की तळाशी काकवीसारखं घट्ट, तपकिरी ग्लिसरीन बसतं आणि वर पातळ पिवळसर थर राहतो. तोच बायोडिझेल.

डोळ्यांना इतकंच दिसतं. पण प्लँट चालवायचा असेल, नाहीतर प्रोजेक्टचा अहवाल लिहायचा असेल, तर पुढचे प्रश्न येतात. तासभरच का? वीस मिनिटांत काम होणार नाही का? ५० ऐवजी ६० अंशांवर काय बदलेल? मिथेनॉल वाढवू की ग्लिसरीन काढून पुन्हा अभिक्रिया करू? या प्रश्नांची उत्तरं मिळवण्यासाठीच अभिक्रियेच्या वेगाचं मॉडेल बांधायचं असतं. बारावीचं रसायनशास्त्र पक्कं असेल आणि स्प्रेडशीटमध्ये सूत्र लिहिता येत असेल, तर हे मॉडेल आजच संध्याकाळी उभं करता येईल. खाली सगळे आकडे दिले आहेत. ते वाचून पुढे जाऊ नका, शेजारी कॅल्क्युलेटर घेऊन बसा.

पायरी १: अभिक्रिया कागदावर मांडा

वनस्पती तेल म्हणजे मुख्यतः ट्रायग्लिसराइड. ग्लिसरॉलचा एक छोटा कणा आणि त्याला जोडलेल्या फॅटी ॲसिडच्या तीन लांब शेपट्या, अशी त्याची रचना असते. मिथेनॉलचा एक रेणू एक शेपटी तोडून स्वतःला जोडून घेतो. या जोडीलाच मिथाइल एस्टर म्हणतात, आणि तेच आपलं बायोडिझेल. तीन शेपट्या एकदम तुटत नाहीत. त्या एकामागून एक तुटतात. खाली ट्राय म्हणजे तीन शेपट्यांचं ट्रायग्लिसराइड, डाय म्हणजे दोन शेपट्यांचं, मोनो म्हणजे एकाच शेपटीचं, आणि शेवटी उरलेला ग्लिसरॉलचा कणा म्हणजेच ग्लिसरीन:

ट्राय + मिथेनॉल ⇌ डाय + एस्टर
डाय + मिथेनॉल ⇌ मोनो + एस्टर
मोनो + मिथेनॉल ⇌ ग्लिसरीन + एस्टर

दोन्ही बाजूंचे बाण महत्त्वाचे आहेत. तिन्ही टप्पे उलटेही फिरतात, म्हणून आपल्याला तीन नाही, सहा वेग स्थिरांक लागतात. पुढे जाणारे के१, के३, के५ आणि उलट येणारे के२, के४, के६. जुन्या अभ्यासांमध्ये ट्रायग्लिसराइडवर तीन मिथेनॉल एकदम हल्ला करतात अशी चौथी, ‘शंट’ नावाची वाटही सुचवलेली आढळते. नवशिक्यांनी ती बाजूला ठेवावी. तीन टप्प्यांनी काम भागतं, आणि आकडे जितके कमी तितकी त्यांची खात्री करून घेणं सोपं.

पायरी २: समीकरणं आणि तीन हिशेब

प्रत्येक टप्प्याचा निव्वळ वेग असा लिहायचा:

वेग१ = के१ × ट्राय × मिथेनॉल − के२ × डाय × एस्टर
वेग२ = के३ × डाय × मिथेनॉल − के४ × मोनो × एस्टर
वेग३ = के५ × मोनो × मिथेनॉल − के६ × ग्लिसरीन × एस्टर

इथे पदार्थाचं नाव म्हणजे त्याची संहती, मोल प्रति लिटरमध्ये. आता कोण किती वेगाने बदलतं ते सरळ निघतं. ट्राय वेग१ ने घटतो. डाय वेग१ ने वाढतो आणि वेग२ ने घटतो. मोनो वेग२ ने वाढतो, वेग३ ने घटतो. ग्लिसरीन वेग३ ने वाढतं. एस्टर तिन्ही वेगांच्या बेरजेने वाढतं आणि मिथेनॉल तेवढंच घटतं. सहा पदार्थ, सहा समीकरणं.

संगणकाला हात लावण्याआधी तीन हिशेब वहीत लिहून ठेवा. ट्राय, डाय, मोनो आणि ग्लिसरीन यांची बेरीज कायम तेलाच्या सुरुवातीच्या संहतीइतकीच राहिली पाहिजे, कारण ग्लिसरॉलचा कणा कुठे नाहीसा होत नाही. मिथेनॉल आणि एस्टर यांची बेरीज सुरुवातीच्या मिथेनॉलइतकी राहिली पाहिजे. आणि एस्टर = डाय + २ × मोनो + ३ × ग्लिसरीन, म्हणजे तुटलेली प्रत्येक शेपटी मोजलेली असली पाहिजे. स्प्रेडशीटमध्ये यांचे तीन वेगळे स्तंभ करा. प्लस-मायनसची चूक याच स्तंभांमध्ये पहिल्यांदा उघडी पडते.

पायरी ३: सुरुवातीच्या संहती

१ मोल सोयाबीन तेल म्हणजे सुमारे ८७३ ग्रॅम. ५० अंशांना घनता ०.९० धरली तर ०.९७ लिटर. त्याला ६ मोल मिथेनॉल, म्हणजे १९२ ग्रॅम. ५० अंशांना घनता ०.७६ धरली तर ०.२५ लिटर. दोन्ही मिळून १.२२ लिटर. म्हणून:

ट्राय = ०.८२, मिथेनॉल = ४.९० मोल प्रति लिटर. बाकी सगळे शून्य.

समीकरणाप्रमाणे एका मोल तेलाला तीनच मोल मिथेनॉल पुरतं. आपण दुप्पट घेतो, कारण अभिक्रिया उलटी फिरते आणि तिला पुढे रेटावं लागतं. इथे एक मोह आवरायचा आहे. ‘मिथेनॉल भरपूर आहे, म्हणून त्याची संहती कायम धरू आणि सगळं प्रथम कोटीचं करून टाकू,’ असं पुष्कळ अहवालांमध्ये केलेलं असतं. ३० मोल मिथेनॉल घेतलं असेल तर ते चालतं. ६ मोल घेतलं तर नाही. आपल्या उदाहरणात शेवटी मिथेनॉल ४.९० वरून २.८४ वर येतं, म्हणजे ४० टक्क्यांहून जास्त घटतं. त्याला कायम कसं म्हणणार?

पायरी ४: स्थिरांक घ्या, पण त्यांच्या भांड्यासकट घ्या

सुरुवातीला स्वतःचे स्थिरांक नसतात, प्रसिद्ध झालेले वापरावे लागतात. नवशिक्यांना मी नेहमी नूरेदिनी आणि झू यांनी १९९७ मध्ये सोयाबीन तेलासाठी दिलेले आकडे देतो. ते लिटर प्रति मोल प्रति मिनिट या एककात आहेत:

के१ = ०.०५०, के२ = ०.११०
के३ = ०.२१५, के४ = १.२२८
के५ = ०.२४२, के६ = ०.००७

आकड्यांकडे नीट पाहा. के४ सगळ्यांत मोठा आहे. मोनोग्लिसराइड तयार झालं रे झालं की ते उलटं डाय होऊ पाहतं. के६ अगदी लहान आहे, म्हणजे ग्लिसरीन एकदा सुटलं की सहसा मागे वळत नाही. आणि के१ लहान आहे, म्हणून पहिली शेपटी तोडायलाच वेळ लागतो. मॉडेल चालवण्याआधीच अभिक्रिया कुठे अडकणार याचा अंदाज या सहा आकड्यांवरून येतो.

आता या लेखातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. हे आकडे सोयाबीन तेलाचा गुणधर्म नाहीत. ते ५० अंशांचे आहेत, १ मोल तेलाला ६ मोल मिथेनॉलचे आहेत, तेलाच्या वजनाच्या ०.२० टक्के कॉस्टिक सोड्याचे आहेत, आणि रेनॉल्ड्स अंक (द्रव किती जोरात घुसळला जातोय ते सांगणारा आकडा) ६,२०० येईल इतक्या ढवळण्याचे आहेत. उत्प्रेरकाची, म्हणजे कॉस्टिकची, संहती समीकरणात कुठेच दिसत नाही, कारण ती के च्या पोटात गेलेली आहे. तुम्ही १ टक्का कॉस्टिक घातला आणि हेच के वापरले, तर मॉडेलचा तुमच्या फ्लास्कशी काही संबंध उरत नाही. म्हणून वहीत प्रत्येक के च्या समोर चार गोष्टी लिहाच: तापमान, मिथेनॉलचं प्रमाण, उत्प्रेरक आणि ढवळणं. पाचवी गोष्ट एकक. काही जण संहती वजनाच्या टक्क्यांत धरून के देतात, काही जण सेकंदात. मिनिटाचा के सेकंदाच्या स्तंभात गेला की उत्तर ६० पटीने चुकतं, आणि आलेख मात्र दिसायला तितकाच गोंडस असतो.

पायरी ५: दोन पावलं हाताने, मग यंत्राने

पहिली दोन पावलं कॅल्क्युलेटरवर करा. ०.१ मिनिटाचं, म्हणजे ६ सेकंदांचं पाऊल घ्या.

सुरुवातीला फक्त पहिला टप्पा चालू आहे. वेग१ = ०.०५० × ०.८२ × ४.९० = ०.२००९. त्याला ०.१ ने गुणलं की ०.०२०१. म्हणून ६ सेकंदांनी ट्राय ०.७९९९, डाय ०.०२०१, एस्टर ०.०२०१, मिथेनॉल ४.८७९९.

दुसऱ्या पावलाला वेग१ = ०.०५० × ०.७९९९ × ४.८७९९ = ०.१९५२, त्यातून उलट जाणारे ०.००००४ वजा, म्हणजे ०.१९५१. वेग२ = ०.२१५ × ०.०२०१ × ४.८७९९ = ०.०२११. मोनो अजून शून्य, म्हणून वेग३ शून्य. १२ सेकंदांनी ट्राय ०.७८०४, डाय ०.०३७५, मोनो ०.००२१, एस्टर ०.०४१७, मिथेनॉल ४.८५८३.

तीनही हिशेब तपासा. ०.७८०४ + ०.०३७५ + ०.००२१ = ०.८२००. जमलं. हेच पुढे स्प्रेडशीटला ६०० ओळी खाली ओढायला सांगा, तासभराची अभिक्रिया तयार. काय दिसेल? मोनोग्लिसराइड अडीच मिनिटांच्या आसपास सुमारे ०.०७५ पर्यंत चढून उतरू लागतं. डायग्लिसराइडचं शिखर थोडं नंतर, चार मिनिटांच्या सुमाराला, ०.१६ च्या जवळ येतं. एस्टर सुरुवातीला झपाट्याने वाढतं, मग त्याची चाल मंदावते आणि तासाभरात वक्र जवळजवळ आडवा होतो.

पाऊल लहानच घ्या, यावर मी अडून बसतो. एका विद्यार्थिनीने १ मिनिटाचं पाऊल घेतलं होतं, ‘सर, ६० ओळींत काम होतं’ म्हणून. तिच्या शीटमध्ये दुसऱ्या मिनिटाला मोनो ०.२०३ झाला आणि तिसऱ्या मिनिटाला उणे ०.०१७. उणे संहती असूच शकत नाही. पण खरं शिकण्यासारखं पुढेच आहे: तिचे तिन्ही हिशेब त्या ओळीतही तंतोतंत जुळत होते. पाऊल कितीही मोठं असलं तरी एका पदार्थातून जितकं वजा होतं तितकंच दुसऱ्यात जमा होतं, त्यामुळे बेरजा बिघडतच नाहीत. हिशेब जुळले म्हणून उत्तर बरोबर, असं मानू नका. पाऊल निम्मं करून पुन्हा चालवा. उत्तर हललं नाही तरच ते खरं धरा.

असं का होतं? के४ मोठा असल्यामुळे मोनोचं येणं-जाणं मिनिटाच्या अगदी छोट्या भागात घडतं, तर ट्राय संपायला कितीतरी मिनिटं लागतात. वेगवेगळ्या चालींची अशी समीकरणं एकत्र आली की त्यांना स्टिफ म्हणतात. पायथनमध्ये सायपाय ही गणिताची लायब्ररी वापरत असाल किंवा ऑक्टेव्ह या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये करत असाल, तर स्टिफ समीकरणांसाठीची पद्धत निवडा. ती पावलाची लांबी स्वतः ठरवते. पण स्प्रेडशीटवर एकदा हाताने केल्याशिवाय तिकडे जाऊ नका.

पायरी ६: शेवट कुठे होतो ते आधी काढा

वेगाच्या नादात समतोल विसरला जातो, आणि मला तर तोच भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. समतोलाला तिन्ही निव्वळ वेग शून्य असतात. म्हणजे डाय भागिले ट्राय = (के१ ÷ के२) × (मिथेनॉल ÷ एस्टर), आणि पुढच्या दोन टप्प्यांचंही तसंच. तीन समतोल स्थिरांक येतात: ०.४५, ०.१७५ आणि सुमारे ३४.६. मिथेनॉल ÷ एस्टर या गुणोत्तराचा एक अंदाज धरायचा, त्यावरून बाकी सगळं काढायचं, एस्टर जुळतं का पाहायचं, नाही जुळलं तर अंदाज बदलायचा. पाच-सहा फेऱ्यांत उत्तर येतं. गुणोत्तर १.३८ ला जुळतं.

तेव्हा ट्राय ०.०९१, डाय ०.०५७, मोनो ०.०१४, ग्लिसरीन ०.६५८ आणि एस्टर २.०६. एस्टर जास्तीत जास्त २.४६ होऊ शकलं असतं. म्हणजे ८४ टक्के. कितीही वेळ ढवळा, हे मॉडेल ८४ टक्क्यांच्या पुढे जाणार नाही.

आता भारतीय मानक आयएस १५६०७ आठवा. बायोडिझेलमध्ये एस्टर किमान ९६.५ टक्के लागतं, आणि एकूण ग्लिसरीन, म्हणजे मोकळं आणि अजून अडकलेलं मिळून, जास्तीत जास्त ०.२५ टक्के चालतं. आपल्या समतोलात ट्राय, डाय आणि मोनोमध्ये अडकलेलंच ग्लिसरीन एस्टरच्या थराच्या सुमारे २ टक्के भरतं. माल नापास.

मग कारखान्यात काय करतात? ग्लिसरीन बसवून काढून घेतात आणि वरच्या थरावर पुन्हा अभिक्रिया करतात. मॉडेलमध्ये हे करून पाहा. वरच्या समतोलातून ग्लिसरीन शून्य करा, त्याबरोबर निघून गेलेलं मिथेनॉल भरून काढलं असं धरा, आणि पुन्हा समतोल काढा. एस्टर २.३३ च्या आसपास येतं, म्हणजे जवळजवळ ९५ टक्के. एकदाच ग्लिसरीन काढल्याने ८४ वरून ९५! दुसऱ्या टप्प्यात ताजं मिथेनॉल आणि उत्प्रेरक थोडे जास्त घातले की ९६.५ हाताशी येतं. दोन टाक्यांचा खर्च का करायचा, हे पटवायला एवढी आकडेमोड पुरे आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लक्षात ठेवायची. आपलं मॉडेल सगळं एकाच द्रवात विरघळलेलं आहे असं धरतं. खऱ्या फ्लास्कमध्ये ग्लिसरीन चालू अभिक्रियेतच थेंबांच्या रूपाने वेगळं पडतं आणि समतोल पुढे सरकतो. त्यामुळे प्रत्यक्षातलं एस्टर मॉडेलपेक्षा जास्त निघालं तर घाबरू नका, पण के६ ओढूनताणून आकडा जुळवायलाही जाऊ नका.

पायरी ७: तापमान

प्रत्येक के तापमानाबरोबर आर्‍हेनियसच्या सूत्राने वाढतो, आणि किती वाढतो हे त्याच्या सक्रियण ऊर्जेवर ठरतं. नूरेदिनी आणि झू यांच्याच अभ्यासात के१ साठी ती १३,१४५ कॅलरी प्रति मोल आहे, म्हणजे ५५ किलोज्यूल. के३ साठी १९,८६०, म्हणजे ८३ किलोज्यूल. के५ साठी फक्त ६,४२१, म्हणजे २७ किलोज्यूल. उलट जाणाऱ्या के२, के४, के६ साठी अनुक्रमे ९,९३२, १४,६३९ आणि ९,५८८ कॅलरी.

५० वरून ६० अंशांवर गेलं तर के१ १.८५ पट होऊन ०.०९२ होतो, के३ अडीच पटीने वाढून ०.५४ होतो, आणि के५ १.३५ पट होऊन ०.३३. आकडेमोड करताना तापमान केल्विनमध्ये घ्या, ३२३.१५ आणि ३३३.१५. ही चूक दरवर्षी होते, म्हणून सांगतो.

आता ६० अंशांचा समतोल काढा. ८४ चे ८५ टक्के होतात. बस, एकच टक्का. उष्णता अभिक्रियेला धावायला लावते, पण छत वर उचलत नाही. छत उचलायचं तर ग्लिसरीन काढायचं किंवा मिथेनॉल वाढवायचं. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं, त्यामुळे उघड्या दाबावर ६० च्या पुढे फारसं जाताही येत नाही.

पायरी ८: सुरुवातीच्या मिनिटांवर विश्वास ठेवू नका

आपल्या मॉडेलमध्ये वेग पहिल्याच क्षणी सर्वाधिक असतो. खऱ्या फ्लास्कमध्ये तसं होत नाही. तेल आणि मिथेनॉल एकमेकांत विरघळत नाहीत, म्हणून सुरुवातीला अभिक्रिया थेंबांच्या पृष्ठभागावर रेंगाळते. थोडं एस्टर आणि डाय, मोनो तयार झाले की तेच दोघांना जवळ आणतात, आणि मग वेग उसळी घेतो. एस्टरचा वक्र इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा दिसतो. जोरात ढवळलं तर हा सुरुवातीचा लांबलेला भाग आखडतो.

म्हणून दोन वेगवेगळ्या ढवळण्याच्या वेगांना प्रयोग करा. दोन्ही वक्र एकमेकांवर बसले तर तुम्ही खरोखर रसायनाचा वेग मोजताय. वेगळे पडले तर तुम्ही ढवळणी मोजताय. छोट्या फ्लास्कमधला के मोठ्या टाकीला लावताना हीच गोष्ट सगळ्यांत आधी अंगाशी येते. टाकीच्या कोपऱ्यात न ढवळलेलं तेल राहिलं तर कुठलंच मॉडेल वाचवत नाही.

पायरी ९: वापरलेलं तेल असेल तर आधी आम्ल मोजा

महाराष्ट्रात बायोडिझेलचा विचार करणारे बरेच जण वडे, भजी, फरसाण तळून उरलेल्या तेलापासून सुरुवात करतात, आणि ते योग्यच आहे. एफएसएसएआय या केंद्रीय अन्न सुरक्षा संस्थेच्या नियमाप्रमाणे १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातली एकूण ध्रुवीय संयुगं (तेल तापून बिघडताना तयार होणारी) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. त्याच वर्षी वापरलेलं तेल बायोडिझेलकडे वळवण्याचा ‘रुको’ उपक्रमही सुरू झाला. पण वारंवार तापलेल्या तेलात मुक्त फॅटी ॲसिड असतं, आणि ते उत्प्रेरक गिळून साबण करतं.

किती गिळतं ते पाहा. १ किलो तेलात १ टक्का मुक्त आम्ल, ओलिक म्हणून धरलं, तर १० ग्रॅम, म्हणजे ०.०३५५ मोल. तेवढंच कॉस्टिक लागतं: १.४ ग्रॅम. आपण ०.२० टक्क्याने १ किलोला २ ग्रॅमच कॉस्टिक घातलेला होता! उरला ०.६ ग्रॅम. आम्ल दीड टक्का असेल तर काहीच उरत नाही, आणि फ्लास्कमध्ये बायोडिझेलऐवजी साबणाचा लगदा मिळतो. तेलात पाणी असेल तर साबण आणखी वाढतो. म्हणून आधी टायट्रेशन करून आम्लांक काढा, उरलेला उत्प्रेरक किती ते ठरवा, आणि सुरुवातीच्या भागात के त्या प्रमाणात कमी-जास्त धरून चाला. आम्ल जास्त असेल तर आधी सल्फ्युरिक आम्लाच्या साहाय्याने त्याचंच एस्टर करून घ्यायचं, मग कॉस्टिकची पाळी. त्या पहिल्या टप्प्याचं मॉडेल वेगळं असतं, ते या मॉडेलमध्ये कोंबू नका.

पायरी १०: स्वतःचे आकडे

शेवटी उसने के सोडून स्वतःचे काढायचे असतात. नमुने सुरुवातीला दाट घ्या: १, २, ३, ४, ५, ७, १०, १५, २०, ३०, ४५ आणि ६० मिनिटांनी. डाय आणि मोनोची शिखरं पहिल्या पाच मिनिटांत आहेत. तिथे एकच नमुना असेल तर के३ आणि के४ बद्दल तुम्ही काहीच सांगू शकत नाही. प्रत्येक नमुना लगेच बर्फात ठेवलेल्या सौम्य आम्लात टाका. नाहीतर पिपेटमध्ये आणि बाटलीतही अभिक्रिया चालूच राहते, आणि तिसऱ्या मिनिटाचा नमुना प्रत्यक्षात आठव्या मिनिटाचा होतो. मिथेनॉलची वाफ विषारी असते आणि त्याची ज्वाला उजेडात जवळजवळ दिसत नाही. हे काम फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफ बाहेर खेचणाऱ्या कपाटातच करायचं, घरच्या ओट्यावर कधीही नाही.

मोजणीची पद्धत आणि मॉडेल यांची जोडी नीट जुळवा. इथेच सर्वाधिक मेहनत वाया गेलेली मी पाहिली आहे. प्रोटॉन एनएमआर (रेणूतले हायड्रोजन कुठे जोडलेले आहेत ते शिखरांच्या रूपात दाखवणारी चाचणी) सोपं आहे: ३.६६ पीपीएमचं मेथॉक्सीचं शिखर आणि २.३ पीपीएमचं, कार्बोनिलशेजारच्या मेथिलीनचं शिखर घ्यायचं. पहिल्याच्या क्षेत्रफळाची दुप्पट भागिले दुसऱ्याच्या क्षेत्रफळाची तिप्पट, की एस्टरचं रूपांतरण मिळतं. पण यातून फक्त एस्टरचा एकच वक्र हाती येतो. त्या एका वक्रातून सहा के मागितले तर संगणक सहा आकडे देईलच, तो नाही म्हणत नाही. पण सुरुवातीचा अंदाज बदलला की सहाच्या सहा बदलतात, आणि वक्र मात्र दरवेळी तितकाच छान जुळतो. एकच वक्र असेल तर दोनच आकडे मागा: एक पुढे जाणारा, एक उलट येणारा, सगळी अभिक्रिया एका टप्प्यात धरून. सहा हवे असतील तर गॅस क्रोमॅटोग्राफी करून ट्राय, डाय, मोनो, ग्लिसरीन आणि एस्टर वेगवेगळे मोजावेच लागतात.

जुळवणी करताना के ऐवजी के चा लॉगॅरिदम शोधायला सांगा, म्हणजे उत्तर उणे येत नाही. अनेक तापमानांचे प्रयोग असतील तर आर्‍हेनियसचं सूत्र मधल्या एका तापमानाभोवती, समजा ५५ अंशांभोवती, मांडा. मग के आणि सक्रियण ऊर्जा एकमेकींत गुंतत नाहीत. मोठ्या संहतीचे मिथेनॉल आणि एस्टर लहान संहतीच्या मोनोला दाबून टाकू नयेत म्हणून प्रत्येक मोजणीला तिच्या मोजणीच्या चुकीने भागा. जुळवणी झाली की मोजलेल्यातून मॉडेल वजा करून उरलेल्या फरकाचा आलेख काढा. फरक शून्याच्या वर-खाली विखुरलेला असेल तर ठीक. पहिल्या पाच मिनिटांत सगळे फरक एकाच बाजूला असतील तर ढवळण्याकडे परत जा, पायरी ८ कडे.

आणि एक प्रयोग जुळवणीत घेऊच नका. समजा, १ मोल तेलाला ९ मोल मिथेनॉल, ५५ अंश. तो करून बाजूला ठेवा. बाकी सगळ्यांवरून के काढा, मग या प्रयोगाचा वक्र आधी मॉडेलने काढा आणि त्यावर मोजलेले ठिपके टाका. ते चुकले तर वहीतल्या त्या चार गोष्टी पुन्हा वाचा: तापमान, मिथेनॉल, उत्प्रेरक, ढवळणं. यांतली जी या प्रयोगात बदलली आणि मॉडेलला माहीत नव्हती, शोध तिथून सुरू करायचा.